दुखण्याचे मार्क

वही देताना धम्मानंद ब्रदरनं एवढंच सांगितलं होतं, की सर, काकूंना दिवसातून तीन वेळा विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि त्या सांगतील तो आकडा इथं लिहायचा. बस्स. याहून सोपं काम लातूरच्या त्या दवाखान्यात दुसरं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा चौथी नापास दीर हे काम बिनतक्रार करत होता, आणि त्याच्या वहिनी पुढं दीड महिन्यात काठीशिवाय चालायला लागल्या. पण इकडची वही पडली रेणुकादास नळगीरकर सरांच्या हातात. सर बत्तीस वर्षं गणित शिकवून, त्यातली अकरा वर्षं दहावीच्या पेपरांचे नियामक म्हणून काढून रिटायर झालेले. परीक्षकानं दिलेले मार्क तपासून ते कमी करायचे, हे नियामकाचं काम. वाढवायचेही असतात म्हणतात, पण सरांच्या हातून तसं कधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

सिंधुताईंचा उजवा गुडघा बदलला होता. गुडघा काही एका दिवसात गेला नव्हता, तीन वर्षं कुरकुरत होता, पण ऑपरेशनची तारीख मात्र सिंधुताईंनी स्वतः ठरवली होती. मुलीला, तनुजाला, पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चाकूरला व्हायचं, आणि बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं ते आजीनंच, हे सिंधुताईंच्या मनानं कधीच पक्कं केलं होतं. खाली बसून पाय लांब करायचे, पोटऱ्यांवर बाळ आधी उताणं, मग पालथं घालायचं, कोमट तेलानं चोळायचं आणि वरून ऊन पाणी. गल्लीतल्या आठ-दहा पोरांना त्यांनी असं न्हाऊ घातलं होतं. आता स्वतःच्या नातवंडाची पाळी आली, तर गुडघा खाली बसू देईना.

डॉक्टर आलोकनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. "काकू, मांडी घालणं कायमचं विसरा. पण जरा उंच चौरंगावर बसून पाय लांब करता येतील. फक्त गुडघा शंभर अंशांच्या पुढं वाकला पाहिजे, आणि जे काही वाकायचं ते पहिल्या सहा-आठ आठवड्यांत. व्यायाम केला तर वाकतो. आणि दुखणं आटोक्यात असेल तरच व्यायाम होतो." म्हणून गोळ्या, आणि कोणती गोळी कधी, हे ठरवायला ती वही. वहीच्या पहिल्या पानावर छापलेलंच होतं: आकडा पाच किंवा वर असेल तर मोठी गोळी, पाचच्या खाली असेल तर साधी.

डॉक्टर आलोक हे सरांचेच विद्यार्थी. शाळेच्या पूर्वपरीक्षेत त्यांना गणितात शहाण्णव पडले होते. उरलेले चार कुठं गेले, हे विचारायची हिंमत हाडांचा सर्जन झाल्यावरही त्यांना झाली नव्हती.

तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी खिशातलं पेन काढलं, समास आखला आणि विचारलं, "हं, किती?"

"आठ," सिंधुताई म्हणाल्या. ओठ वाळलेले होते.

"आठ? सिंधू, आठ म्हणजे डिस्टिंक्शनच्या वर झालं. विचार करून सांग."

"त्यात विचार काय करायचा? दुखतंय."

"दुखतंय हे मान्य. पण आत्ताच आठ दिले आणि उद्या जास्त दुखलं, तर मार्क कुठून आणायचे? वर जागा ठेवावी लागते."

सिंधुताईंनी डोळे मिटले. "मग सात लिहा."

सरांनी सहा लिहिले. जो विद्यार्थी जरा उलट विचारल्याबरोबर उत्तर बदलतो, त्याला मुळात उत्तर येत नसतं, असा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता.

दवाखान्यात होते तोवर यानं काही बिघडलं नाही. तिथं पाठीतल्या नळीतून, सलाइनमधून औषध आपोआप जात होतं आणि वहीत फार कुणी डोकावत नव्हतं. सहाव्या दिवशी गाडी करून दोघं चाकूरला आले, आणि तिथून पुढं त्या गुडघ्यावर सरांच्या वहीचं राज्य सुरू झालं.

घरी आल्यावर सरांना पहिली अडचण जाणवली ती शास्त्रीय होती. आठ म्हणजे काय? पाच म्हणजे काय? नमुना उत्तरपत्रिका हातात नसताना पेपर तपासायला बसणारा माणूस त्यांनी आयुष्यात दारात उभा केला नव्हता. तेव्हा त्यांनी एक तक्ता करायला घेतला. एक मार्काचं दुखणं कोणतं, दोनचं कोणतं, असं वर चढत जायचं. आणि ते ओसरीवर बसून तक्ता करून राहिलेत म्हटल्यावर गल्ली गोळा व्हायला किती वेळ लागणार? लोक आले होते सिंधुताईंना बघायला, पण बसले सरांपाशी. प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी जबर दुखलेलं असतं, आणि ते कुणी विचारलेलं नसतं.

शेजारचे चंद्रप्पा पहिले आले. वीज कंपनीतून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, मूळचे उदगीरकडचे. "सर, दहा नंबर माझ्या मुतखड्याला देऊन टाका. लई बेक्कार ओ. दवाखान्याच्या जिन्यावर गडबडा लोळलो मी. लोक म्हनले, पिऊन आलाय."

"मुतखड्याचं काय घेऊन बसलाव!" नीलाबाई म्हणाल्या. या नीलाबाई गल्लीतल्या बाळबाळंतिणींना न्हाऊ घालायला जायच्या, त्यामुळं दुखण्यातल्या जाणकार. "इंचू चावल्यावर कळतंय. भुईमुगाच्या ढिगात हात घातला अन् अशी कळ निघाली, माय माय माय! खांद्यापस्तोर जाळ. आन बाळंतपण? ते तर तुम्ही धरलंच न्हाई यात."

"बाळंतपण नैसर्गिक आहे," सर गंभीरपणे म्हणाले. "ते अभ्यासक्रमाच्या बाहेर."

तीन दिवस ही सभा चालली. अखेर मुतखड्याला नऊ, विंचवाला आठ, किडक्या दाढेला सात मिळाले. चंद्रप्पांनी एका मार्कासाठी बरीच हुज्जत घातली, पण दहाची जागा सरांनी मोकळीच ठेवली, कारण पैकीच्या पैकी देणारा परीक्षक पेपर वाचतच नाही असं त्यांचं मत होतं. आता राहिला गुडघा. गुडघा काही अचानक चावला नव्हता. तो चांगल्या दवाखान्यात, भूल देऊन, तारीख ठरवून, हुशार विद्यार्थ्याच्या हातून कापला गेला होता. अशा रीतसर दुखण्याला दाढेच्या वर बसवणं सरांच्या बुद्धीला पटेना. गुडघ्याची कमाल मर्यादा सहा ठरली.

सिंधुताई आतल्या खोलीत पलंगावर पडून हे सगळं ऐकत होत्या. आपला गुडघा दाढेच्या खाली गेल्याचं त्यांना असं कळलं.

मग वजाबाकी सुरू झाली. सिंधुताईंनी सात म्हणावं, सरांनी कमाल मर्यादा म्हणून सहा धरावेत. पाहुण्यांशी बोलताना त्या हसल्या होत्या, त्याचा एक वजा. कण्हण्याचा आवाज ओसरीपर्यंत आला नाही, त्याचा अर्धा वजा. राहिले साडेचार, आणि साडेचार म्हणजे साधी गोळी. सरांना यात दुष्टपणा करायचा नव्हता हो. उलट मोठ्या गोळीची त्यांना धास्तीच होती, आणि ती धास्ती चंद्रप्पा रोज पाणी घालून वाढवत होते. "सर, त्या गोळीची सवय लागती. आमचा साडू बघा, खामखा खात गेला, किडनी बसली. काकूला आंबेहळदीचा लेप द्या, गोळीच्या नादी लागू नका." बायकोची किडनी वाचवायची तर आकडा पाचच्या खाली राहिला पाहिजे, असा साधा हिशेब सरांच्या डोक्यात बसला. आकडा खाली राहतोय हे बघून त्यांना रोज बरं वाटायचं. माणूस आपल्याच हातानं लिहिलेलं वाचून किती सहज समाधानी होतो!

व्यायामाच्या वेळी सर खुर्ची ओढून समोर बसायचे. टाचेखाली टॉवेल, आणि टाच ओढत ओढत मागं आणायची, पंधरा वेळा. सिंधुताई चार वेळा करायच्या आणि पलंगाची कड धरून थांबायच्या. कपाळावर घाम यायचा.

"अजून अकरा," सर म्हणायचे.

"उद्या करते."

"उद्या उद्या करणारेच नापास होतात, सिंधू." आणि शेऱ्याच्या रकान्यात ते वळणदार अक्षरात लिहायचे, प्रयत्न अपुरा.

पंधराव्या दिवशी एक मोठा बदल झाला. सरांनी विचारल्याबरोबर सिंधुताई म्हणाल्या, "तीन."

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्यातले मार्क कमीसुद्धा केले नाहीत. दुपारीही तीन, संध्याकाळीही तीन. सरांनी ठेवणीतला आलेख कागद काढला आणि दिवसांचा एक अक्ष, दुखण्याचा एक अक्ष असा आलेख काढला. सहावरून निघालेली रेषा उतरत उतरत तीनवर येऊन टेकली होती. इतका सुबक उतार त्यांनी फळ्यावरही कधी काढला नसेल. चंद्रप्पांना बोलावून त्यांनी तो दाखवला. चंद्रप्पांनी तो उलटा धरला आणि मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात लातूरला दाखवायला गेले तेव्हा आलेख गुंडाळी करून सरांच्या काखेत होता. डॉक्टर आलोकनी तो टेबलावर पसरला, आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारून म्हणाले, "बघा, रेकॉर्ड ठेवणं याला म्हणतात. आमच्या सरांच्या हातचं आहे." सरांनी मान खाली घातली, पण ती नम्रता होती असं म्हणवत नाही.

मग गुडघा मोजला. साठ अंश.

"हे जरा कमी पडतंय," डॉक्टर म्हणाले. "दुखणं तर तीनवर आलंय."

"तसं दुखतं हो अजून, डॉक्टर," सिंधुताई हळूच म्हणाल्या.

"थोडं राहणारच, काकू. पण आलेख बघा ना, किती छान उतरतोय. व्यायामाचा कंटाळा करून चालायचं नाही. तनुजाताईचं बाळ न्हाऊ घालायचंय ना?"

सरांनी समाधानानं मान हलवली, कारण त्यांचंही निदान हेच होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या गोळीच्या नावावर लाल रेघ मारून 'बंद' लिहिलं, आणि फिजिओथेरपीच्या शिवांगी मॅडम चाकूरला मंगळवार-शुक्रवार येतात, त्यांना घरी यायला सांगतो म्हणाले. परतीच्या वाटेवर सिंधुताई खिडकीबाहेर बघत बसल्या. सरांनी दोनदा विचारलं, थंडी वाजतेय का? त्या नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा काही विचारावं, असं तेव्हा सरांच्या मनात आलं नाही.

शिवांगी मॅडम म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तनुजाहून लहान मुलगी. पाठीला सॅक, हातात कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी. ती पट्टी बघून सरांना आपलेपणा वाटला. तिनं गुडघ्याखाली हात घातला, हलकेच वाकवला, सिंधुताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच हात काढून घेतला.

"काकू, आत्ता किती दुखलं?"

सिंधुताईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या सरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, सकाळी किती लिहिलंय?"

"तीन," सरांनी वही उघडून सांगितलं.

"मग तीन," सिंधुताई म्हणाल्या.

शिवांगीनं पट्टी खाली ठेवली. मग सरांना म्हणाली, "सर, शेकायला थोडं गरम पाणी मिळेल का?"

सर स्वयंपाकघरात गेले, पाणी तापवलं, भांडं फडक्यात धरून परत आले आणि दाराच्या पडद्याशी थबकले. आत शिवांगी म्हणत होती, "आता सांगा काकू. वही बंद आहे."

"नऊ," सिंधुताईंचा आवाज आला. "कधी साडेनऊपण असतात. दहा म्हणत नाही मी. आमच्याकडे दहा देत नाहीत."

"मग तीन का सांगता?"

"आठ म्हटलं की ते अर्धा अर्धा तास विचारत बसतात बाई. कसं दुखतं, कुठं दुखतं, दाढेपेक्षा जास्त का कमी. तेवढं बोलायचं म्हणजे आणखी दुखतं. तीन म्हटलं की वही मिटतात. मग मलापण डोळे मिटून पडता येतं."

सर पडद्याबाहेर उभे होते. फडकं घसरून भांड्याची कड बोटांना लागली होती, ते त्यांना बऱ्याच वेळानं कळलं. अकरा वर्षांत त्यांनी हजारो पेपर तपासले होते. समोरचा विद्यार्थी तपासणाऱ्याच्या भीतीनं बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितो, हे त्यांनी कितीदा तरी बघितलं होतं आणि त्याचे मार्क कापले होते. आज ते घरात घडलं होतं, आणि तपासणारे ते स्वतः होते.

बाहेर येऊन शिवांगीनं सरळ सांगितलं. "सर, बावन्न अंश. मागच्या आठवड्यापेक्षा कमी झालाय. काकू आळशी नाहीत. एवढ्या दुखण्यात मी असते तर टाच हलवलीसुद्धा नसती. आत सगळं चिकटत चाललंय. मोठी गोळी सुरू करा, व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. आणि प्लीज, आजच."

सर चप्पल घालायला विसरले. अनवाणी चौकातल्या पंढरीच्या मेडिकलवर पोचले. पंढरीनं चिठ्ठी उलटीपालटी बघितली. "सर, ही गोळी तशी देता येत न्हाई बघा. तिचं रजिस्टर असतंय. अन् ह्या चिठ्ठीवर तर लाल पेनानं 'बंद' लिहिलंय. बंद केलेली गोळी मी कशी देऊ? ताजी चिठ्ठी आना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सर लातूरला गेले. डॉक्टर आलोक बाहेरगावी परिषदेला गेले होते. फोन बंद. काउंटरवरच्या माणसानं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "पेशंटचं दुखणं तीन आहे. तीनला ही गोळी निघत नाही."

"ते तीन चुकीचं आहे. नऊ आहे."

"असं तोंडी कसं बदलणार, काका? नोंद ज्यांनी केली, त्यांचा लेखी अर्ज लागतो."

"कुणी केलीय नोंद?"

त्यानं मागच्या खेपेला फायलीत लावलेल्या वहीच्या झेरॉक्सवरची सही बोटानं वाचली. "रे. ना. नळगीरकर, नियामक, निवृत्त. या साहेबांना घेऊन या."

"मीच तो."

"मग आधार कार्डाची झेरॉक्स जोडा."

त्या काउंटरसमोरच्या स्टीलच्या बाकावर बसून सरांनी अर्ज लिहिला. विषय: दुखण्याची फेरतपासणी होणेबाबत. फेरतपासणीचे अर्ज त्यांच्या टेबलावर दर जूनमध्ये गठ्ठ्यानं यायचे. बापांच्या थरथरत्या अक्षरातले, पोरांच्या शाईच्या डागांचे. 'गुणांत बदल नाही' असं लिहून ते अर्ज ते एका बैठकीत संपवायचे. आज आपला अर्ज लिहिताना 'सदर नोंदी माझ्याच चुकीमुळे कमी झाल्या असून' इथपर्यंत आल्यावर त्यांचं पेन थांबलं. पुढं काय लिहायचं ते सुचेना, कारण असं वाक्य त्यांनी आधी कधी लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात धम्मानंद ब्रदर ड्यूटीवर आला. त्यानं अर्ज वाचला, आत ड्यूटीच्या डॉक्टरांकडे नेला, दहा मिनिटांत नवीन चिठ्ठी आणून सरांच्या हातात दिली. सर त्याचे आभार मानायला लागले तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "सर, मी तुम्हाला आकडा लिहायला सांगितलं होतं. तपासायला नव्हतं सांगितलं." त्याच्या आवाजात राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

गोळी सुरू झाली. दुखणं नऊवरून पाचवर आलं, आणि हे पाच सिंधुताईंनी सांगितलेले होते. टाच पंधरा वेळा सरकायला लागली, कधी वीसदा. चंद्रप्पा किडनीचा विषय काढायला आले तेव्हा सरांनी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. पण जे आत चिकटलं होतं ते चिकटलं होतं. आठव्या आठवड्यात गुडघा पासष्टवर अडला आणि पुढं सरकेना. डॉक्टर आलोक म्हणाले, पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. मग ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, चूक माझीपण आहे. मी काकूंना विचारायला पाहिजे होतं. मी आलेख बघत बसलो."

"आलेख बरोबर होता रे," सर म्हणाले. "मी चुकीचा नाही काढला." एवढं बोलून ते जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

भूल दिली, गुडघा वाकवला, परत सगळं पहिल्यापासून. या वेळी वही सरांनी हातात घेतली नाही, शिवांगीनं सिंधुताईंच्याच हातात दिली. गुडघा पंचाऐंशीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. खुर्चीवर बसता येईल, चालता येईल, जिना एकेक पायरीनं चढता येईल. चौरंगावर बसून पाय लांब करणं आणि परत उठणं जमायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिंधुताई "बरं" म्हणाल्या. रस्त्यात त्यांनी सरांना एवढंच विचारलं, की तनुजाला आपण सांगायचं का डॉक्टर सांगतील?

एका दुपारी सर जुनी वही आणि लाल पेन घेऊन पलंगापाशी आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सिंधू, हे सगळे मार्क मला दुरुस्त करायचेत. पहिल्या दिवसापासून सांग. खरे किती होते?"

सिंधुताई भाजी निवडत होत्या. त्यांनी वहीकडे बघितलं, मग सरांकडे. थोडंसं हसल्या. "काय करून राहिलात तुम्ही हे? आता काय आठवतंय? ते दिवस गेले."

"अंदाजे सांग."

"लिहा तुम्हाला वाटतील ते."

सरांना लिहवेना. लाल पेनाचं टोपण लावून ते तसेच बसून राहिले. मग त्यांना एकाएकी आठवलं, की तनुजा झाली तेव्हा ते पेपर तपासणीच्या कॅम्पला होते. चौथ्या दिवशी गठ्ठा काखेत घेऊनच दवाखान्यात गेले होते, सगळं नीट का, एवढं विचारलं होतं, आणि ही हो म्हणाली होती.

"आणि तनुजाच्या वेळी?" त्यांनी विचारलं. "तेव्हा किती होतं?"

सिंधुताईंच्या हातातली मेथीची काडी थांबली. मग म्हणाल्या, "तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं," आणि परत पानं खुडायला लागल्या.

तनुजाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण चाकूरच्या घरी आली. न्हाऊ घालायला नीलाबाईंना सांगितलं होतं. पदर खोचून त्या न्हाणीघरात बसल्या, पाय लांब केले आणि पायांवर ते लालबुंद बाळ घेतलं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सिंधुताई बसल्या, हातात तांब्या. पाणी घालायचं तेवढं काम त्यांच्याकडे आलं होतं. सर पंचा घेऊन दाराशी उभे होते.

पाठीवर पहिलं पाणी पडलं आणि पोरीनं असा टाहो फोडला की आतल्या खोलीतून तनुजा ओरडली, "आई, एवढी का रडतेय ती? दुखतंय का तिला?"

"काय न्हाई गं," नीलाबाई म्हणाल्या. "उगं नखरे हायत. सगळी लेकरं अशीच करतेत."

"उगं म्हणू नका नीलाबाई," सिंधुताई एकदम म्हणाल्या. असा आवाज सरांनी त्यांचा ऐकला नव्हता. "दुखत असंल तिला. तुम्हाला काय माहीत?" मग त्या खुर्चीतून जेवढं वाकता येईल तेवढं वाकल्या आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रड गं माय. जेवढं दुखतंय तेवढं रड. कुणाला विचारायचं नाही."

अंघोळ झाली. सिंधुताईंना खाली वाकून बाळ घेता येईना, म्हणून सरांनीच पुढं होऊन नीलाबाईंच्या पायांवरून तिला पंच्यात उचललं आणि सिंधुताईंच्या मांडीवर ठेवलं. ती रडतच होती. मुठी वळलेल्या, तोंड एवढंसं, पण आवाज ओसरीपलीकडं चंद्रप्पांच्या दारापर्यंत जात होता.

"गप्प करू का तिला?" सरांनी विचारलं.

"नको," सिंधुताई म्हणाल्या. "रडू द्या. तुम्ही नुसतं ऐका."

सर तिथंच खुर्चीपाशी उभे राहिले आणि ऐकत राहिले.